एका बेअरिंगची धास्ती

कॅलिफोर्नियांत गेलीं तीस वर्षें स्थायिक असलेले आमचे एक स्नेही मागील हिवाळ्यांत पुण्यास आले होते. विद्यार्थिदशेंत पाहिलेलीं त्यांचीं बहुतेक स्वप्नें संसाराच्या धबडग्यांत विरून गेलीं. एक मात्र टिकलें. मुलें मार्गास लागल्यावर त्यांनीं २००१ सालची पोर्शे बॉक्स्टर ही दोन आसनांची, कापडी छताची मोटार जुन्या बाजारांत विकत घेतली. "गाडी कशी काय धांवते?" असें आम्हीं सहज विचारलें, तों स्वारी एकदम गंभीर झाली. "धांवते कसली! महिन्यांतून एकदां दोन मैल फिरवून आणतों आणि पुन्हां झांकून ठेवतों." अधिक चौकशी करतां कळलें कीं, इंजिनांतील एका बेअरिंगनें त्यांची झोंप उडविली आहे. तेवढ्यांत वहिनींनीं टोला दिला, "नुसती पुजायचीच असेल तर देवघरांत आणून ठेवा म्हणतें मी, दोन फुलें तरी वाहीन!"

आम्ही सर्व हंसलों खरे. परंतु त्या धास्तीस आधार आहे. १९९० नंतरच्या कांहीं वर्षांत पोर्शे कंपनी मोठ्या आर्थिक अडचणींत सांपडली होती. तिची प्रसिद्ध ९११ ही मोटार हवेनें थंड होणाऱ्या जुन्या धर्तीच्या इंजिनावर चाले, आणि ती तयार करण्यास वेळ व पैसा दोन्ही अतोनात लागत. तेव्हां १९९६ सालीं बॉक्स्टर व १९९७ सालीं नवी ९११ अशा दोन गाड्या पाठोपाठ निघाल्या. दोहोंचा पुढील बराच भाग एकसारखा, आणि दोहोंना पाण्यानें थंड होणारें 'एम ९६' या जातीचें इंजिन. या काटकसरीनें कंपनी सांवरली. पुढें लोकांच्या झोंपेचें खोबरें करणारें बेअरिंगही याच इंजिनांत होतें.

त्याची रचना थोडक्यांत अशी. इंजिनांत सहा सिलिंडर. तीन एका बाजूस, तीन दुसऱ्या बाजूस, आडवे निजविलेले. त्यांच्यामधील क्रँकशाफ्टच्या खालीं आणखी एक दांडा फिरतो, त्यास मध्यस्थ दांडा म्हणूं. क्रँकशाफ्ट साखळीनें या दांड्यास फिरवितो, आणि हा दांडा दुसऱ्या साखळ्यांनीं दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह उघडण्याझांकण्याची यंत्रणा चालवितो. मध्यस्थ बिघडला म्हणजे दोन्ही घरें बिघडतात, हा व्यवहारांतला अनुभव येथेंही येतो. दांड्याचें गिअरबॉक्सकडील टोंक एका छर्ऱ्यांच्या बेअरिंगवर टेकलेलें असतें. हें बेअरिंग ग्रीस भरून दोहों बाजूंनीं बंद केलेलें. बाहेर इंजिनचें तेल आहे, पण तें आंत जावयाचें नाहीं, अशी मूळ योजना. वर्षें लोटतात, झांकणी सैल होते, तेल झिरपून ग्रीस धुवून निघतें. आणि ताजें तेल मात्र मोकळेपणानें आंत खेळत नाहीं. छर्रे झिजतात, दांडा डगमगूं लागतो, साखळ्यांचा ताल चुकतो. अखेरीस पिस्टन वर येतो त्याच क्षणीं व्हॉल्व्ह उघडा सांपडतो आणि सर्व इंजिन निकामी होतें. या सर्व प्रकारांत चालकापुढील फळीवर बहुधा एकही दिवा आधीं लागत नाहीं. नवें इंजिन घालावें तर गाडीच्या किंमतीहून खर्च अधिक!

आरंभींच्या इंजिनांत छर्ऱ्यांच्या दोन ओळी असत. २००० च्या सुमारास एकच ओळ आली, आणि मुख्य तक्रार हिच्याविषयीं आहे. २००६ नंतर बेअरिंग मोठें झालें, पण इंजिन फोडल्यावांचून तें निघत नाहीं. २००९ सालच्या गाड्यांपासून मध्यस्थ दांडाच काढून टाकला. ९११ च्या टर्बो व जीटी३ या महागड्या भावंडांत त्या काळीं हान्स मेत्सगर यांच्या परंपरेंतलें निराळें इंजिन असे, म्हणून तीं या दुखण्यांतून सुटलीं. श्रीमंतांच्या घरीं दुखणींही वेगळीं!

अमेरिकेंत २०११ सालीं गाडीमालकांच्या वतीनें दावा दाखल झाला व पुढें तडजोड झाली. २००१ ते २००५ च्या गाड्यांना तिचा लाभ होता; परंतु अट पहिल्या विक्रीपासून दहा वर्षें किंवा १,३०,००० मैल, यांपैकीं जें आधीं येईल तें. अर्थात् ती मुदत केव्हांच सरली. एक ओळीच्या बेअरिंगांपैकीं शेंकडा आठांच्या आसपास बिघडलीं, असें त्या निमित्तानें सांगितलें जाऊं लागलें. म्हणजे शंभरांतील नव्वदांहून अधिक गाड्या सुखरूप चालल्या; काळजी मात्र शंभरही मालकांनीं वाहिली.

आमच्या स्नेह्यांची खरी चूक, आमच्या मतें, गाडी झांकून ठेवण्यांत होती. उभ्या गाडीच्या तेलांत दमटपणा व आम्लें सांचत राहतात. नेमानें चालविलेलीं आणि गरम होईपर्यंत पळविलेलीं इंजिनें अधिक टिकतात, असा जाणत्या कारागिरांचा अनुभव आहे. तेल वर्षाकांठीं तरी बदलावें. त्या वेळीं तेलाची गाळणी कापून तिच्या घड्या उजेडांत पाहाव्या. लोहचुंबकास चिकटणारी बारीक चकाकी दिसली तर गाडी पुढें हांकूंच नये. कांहीं न दिसलें तरी क्लच बदलण्याची वेळ येईल तेव्हां बेअरिंगही बदलून घ्यावें. कारण गिअरबॉक्स उतरविण्याची मुख्य मजुरी दोहोंस एकच पडते. चिनी मातीच्या जातीचे कठीण छर्रे असलेलीं नवीं बेअरिंगें आतां मिळतात.

हें सारें त्यांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. अडचण वेगळीच होती. कारखान्यांत गाडी उघडली आणि गाळणींत चकाकी निघाली तर? न उघडतां निदान आशा तरी शाबूत राहते! वैद्याकडे जाण्याचें टाळणारीं माणसें आम्हीं पाहिलीं आहेत. त्यांतलाच हा प्रकार. त्यांची कन्या गेलीं दोन वर्षें म्हणत होती कीं, बाबा, आपण मॉन्टेरेपासून समुद्रकांठच्या रस्त्यानें बिग सरपर्यंत एकदां जाऊं. आणि तें एकदां कांहीं उजाडत नव्हतें. आतां तिला दूरच्या गांवीं नोकरी लागली होती.

गेल्या महिन्यांत त्यांचें पत्र आलें. क्लच घसरूं लागल्यामुळें गाडी कारखान्यांत नेणें भाग पडलें. गाळणी स्वच्छ निघाली. काढलेलें जुनें बेअरिंग त्यांनीं घरीं आणलें असून तें टेबलावर कागद दाबण्यास ठेवलें आहे. बोटानें फिरविलें तर अजून आवाज न करतां फिरतें, हें त्यांनीं कांहींशा खेदानेंच कळविलें आहे. पत्राबरोबर एक छायाचित्रही होतें. बिग सरच्या वळणावर गाडी उभी आहे, छत उघडें आहे, चालकाच्या जागीं कन्या बसली आहे, आणि शेजारीं आमचे स्नेही दाराची कड दोन्ही हातांनीं घट्ट धरून बसले आहेत.