नक्षी महाग, तोल ढळलेला

पश्चिम आफ्रिकेतला बॉल पायथन हा लहानसा, बिनविषारी अजगर अमेरिका-युरोपात हौसेने पाळतात. साधा तपकिरी स्वस्तात मिळतो. नवा रंग निघाला की किंमत हजारो डॉलरवर जाते. हौसेत हिशेबही असतो: पिल्ले विकून पैसे वसूल होतील! १९९९ मध्ये अमेरिकेत पैदास झालेला, जाळीदार नक्षीचा ‘स्पायडर’ असाच गाजला. पण त्याची मान डुलते, भक्ष्यावरचा नेम चुकतो. सापाला बाहेरून कान नसला तरी तोल सांभाळणारा आतला कान असतो. स्पायडरमध्ये त्याचीच घडण बिघडलेली आढळते. इतक्या वर्षांच्या संकरातूनही नक्षी आणि दोष वेगळे करता आलेले नाहीत. माणसातही वार्डेनबर्ग सिंड्रोममध्ये केसांची पांढरी बट आणि बहिरेपण एकाच जनुकीय बिघाडातून येतात.