यकृताचा प्रारंभिक कर्करोग : शस्त्रक्रिया की दहन?

यकृतात मूळ धरणारा कर्करोग निरोगी यकृतात क्वचितच होतो. हेपॅटायटिस बी व सी यांचे विषाणू, मद्यपान अथवा मेदसंचय यांमुळे सूत्रण रोगाने, म्हणजे सिरोसिसने, जर्जर झालेल्या यकृतातच तो बहुधा उद्भवतो. त्यामुळे चिकित्सकास एकाच वेळी दोन रोगांचा विचार करावा लागतो. अर्बुद समूळ नष्ट व्हावे, पण उरलेले यकृत जगण्यापुरते शाबूत राहावे, या दोन गरजांचा मेळ घालणे हाच उपचारनिवडीचा खरा प्रश्न होय.

फ्रेंच शारीरज्ञ क्विनो याने 1957 साली यकृताचे आठ खंड वर्णिले. अर्बुदाच्या पेशी प्रवेशिका नीलेच्या शाखांतून जवळपास पसरतात. म्हणून अर्बुदासह संपूर्ण खंड काढल्यास सूक्ष्म उपअर्बुदेही जाण्याचा संभव असतो. मात्र त्यासाठी यकृताचा चांगला भागही गमवावा लागतो. उलट दहनात त्वचेतून सुई घालून रेडिओलहरींनी किंवा सूक्ष्मलहरींनी अर्बुद 60 अंश सेल्सिअसच्या वर तापवितात. यात यकृताची हानी अल्प होते. तथापि अर्बुद 3 सेंटिमीटरांहून मोठे असल्यास त्याच्या कडा जिवंत राहण्याचा धोका वाढतो. मोठ्या रक्तवाहिनीलगत वाहते रक्त उष्णता हिरावून नेते, तर पित्तनलिका वा आतडे निकट असल्यास त्यांस इजा पोहोचू शकते.

प्रयोगांचे निष्कर्ष प्रथमदर्शनी विसंगत वाटतात. ग्वांगझौ येथील 180 रुग्णांच्या चाचणीत (2006) दोन्ही उपचारांनंतरचे आयुर्मान सारखेच आढळले. चेंगडू येथील 230 रुग्णांच्या चाचणीत (2010) शस्त्रक्रिया सरस ठरली. पुढे जपानमध्ये 3 सेंटिमीटरांपर्यंतची, तीनहून अधिक नसलेली अर्बुदे असलेल्या सुमारे 300 रुग्णांची तुलना झाली; तीत पाच वर्षांनंतर दोन्ही गटांत 70 टक्क्यांहून अधिक रुग्ण हयात होते व फरक निर्णायक नव्हता. सारांश, अर्बुद लहान असेल तर दोन्ही मार्गांतील अंतर कमी होते. ते मोठे असेल तर शस्त्रक्रियेचे पारडे जड होते.

दोन रुग्णांची कल्पना करावी. दोघांचेही अर्बुद एकच व अडीच सेंटिमीटरांचे आहे. पहिल्याचे यकृतकार्य उत्तम, प्रवेशिका नीलेतील दाब प्राकृत व अर्बुद पृष्ठभागालगत आहे. त्यास शस्त्रक्रिया योग्य. दुसऱ्याची प्लीहा वाढलेली, बिंबाणू घटलेले व अर्बुद यकृताच्या गाभ्यात, पण मोठ्या वाहिन्यांपासून दूर आहे. त्याच्या यकृताचा मोठा भाग कापणे म्हणजे अर्बुद जाऊन यकृतच निकामी होण्याची भीती ओढवून घेणे. त्यास दहन श्रेयस्कर.

मात्र या दोन्ही उपायांनी मूळचे रोगट यकृत बदलत नाही. शस्त्रक्रियेनंतरही पाच वर्षांत निम्म्याहून अधिक रुग्णांत कर्करोग पुन्हा उद्भवतो. दोन्ही रोगांचे एकदम निवारण यकृतप्रतिरोपणानेच होऊ शकते; त्यासाठीची मिलान येथील मर्यादा 1996 साली प्रसिद्ध झाली. परंतु दात्यांच्या अभावी तो मार्ग थोड्यांनाच खुला असतो. म्हणून पहिला उपचार निवडताना दुसऱ्याची वाट मोकळी ठेवणे, हेही चिकित्सकाचे कर्तव्य ठरते.