वरच्या रांगेतली लवंग

गेल्या महिन्यात आमची आरोग्य पुरवणी बंद झाली. आधी आठ पानांची चार झाली, चाराची दोन, आणि आता तीही गेली. निरोपाच्या मजकुरात ‘मराठी घराघरांत अँटिऑक्सिडंट पोचवणारी पुरवणी’ असा तिचा गौरव झाला आणि माझं टाळकं सरकलं. ते कसं पोचवलं, हे त्या टेबलावर बसून मी रोज पाहत होतो.

त्याआधीची वर्षं भराभर उरकतो. १९३६ साली सेंट-ग्यॉर्गी आणि त्यांच्या सहकाऱ्याने लिंबातल्या फ्लॅव्होनॉइडांना ‘जीवनसत्त्व पी’ म्हटलं. केशवाहिन्या त्यांच्यामुळे चिवट राहतात, असा त्यांचा दावा होता. पुढे ते जीवनसत्त्व ठरलं नाही, नाव मागे पडलं. १९५६ साली हरमन या संशोधकाने म्हातारपणाचं खापर पेशींना इजा करणाऱ्या मुक्त मूलकांवर फोडलं. मग १९९३ मध्ये नेदरलँड्समधल्या झुत्फेन गावाचा अभ्यास आला. ८०५ वयस्क पुरुष आणि पाच वर्षांची पाहणी. चहा, कांदा आणि सफरचंद यांतून ज्यांच्या पोटात फ्लॅव्होनॉइडं जास्त जात होती, त्यांच्यात हृदयविकाराने झालेले मृत्यू कमी आढळले. सरासरी सेवन दिवसाला जेमतेम २६ मिलिग्रॅम. सुरेख अभ्यास, पण होतं ते निरीक्षणच. चहा-कांद्यामुळेच ती माणसं वाचली, असं त्यातून सिद्ध होत नव्हतं.

मी पुरवणीत आलो तेव्हा २००० साल नुकतंच उलटलं होतं. पुढच्या दहा-बारा वर्षांइतका उत्साही खोटेपणा मी नंतर पाहिला नाही. त्याचं दैवत होतं ‘ओरॅक’. परीक्षानळीत एक चमकणारा रंग घ्यायचा, त्यावर मुक्त मूलकं सोडायची आणि अन्नाचा अर्क घातल्यावर चमक किती वेळ टिकते ते मोजायचं. एवढाच त्या आकड्याचा जीव. २००७ मध्ये अमेरिकी कृषी खात्याने शेकडो पदार्थांच्या ओरॅकची यादी काढली आणि जाहिरात विभागातला आमचा एक सहकारी ती प्रिंटआउट नाचवतच टेबलाशी आला. दर १०० ग्रॅममागे आकडे होते. लवंग आणि दालचिनी अगदी वरच्या रांगेत. १०० ग्रॅम लवंग कोण खातं, असं मी विचारलं. “वाचक एवढं बघत नाही,” तो म्हणाला. रंगीत तक्ता पहिल्या पानावर गेला, खाली नोनीच्या रसाची जाहिरात.

त्या तक्त्याला जागा हवी म्हणून आमच्या एका ज्येष्ठ लेखिकेचं सदर गेलं. बाई ऋतूप्रमाणे भाज्यांवर लिहायच्या. टाकळा कोवळा कसा ओळखावा, शेवग्याचा पाला कधी खुडावा. कांदा सोलताना वरचा जांभळा, जाडसर पापुद्रा फेकू नका, असं त्यांनी कितीदा तरी बजावलं होतं. कांद्यातलं क्वेर्सेटिन नावाचं फ्लॅव्होनॉइड बाहेरच्याच थरांत दाट असतं. बाईंनी हा शब्द कधी वापरला नाही. त्यांच्या जागी ‘सुपरफूड’ नावाचा कोपरा आला. तो राग अजून गेलेला नाही.

धोक्याच्या घंटा वाजत नव्हत्या असं नाही. फिनलंडमधल्या धूम्रपान करणाऱ्यांना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या, तर फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढला. हे १९९४ मध्येच छापून आलं होतं. २००४ मध्ये तर अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी गंमतच दाखवली. सफरचंद खाल्ल्यावर रक्ताची अँटिऑक्सिडंट क्षमता वाढते, ती मुख्यतः फ्रुक्टोजमुळे वाढलेल्या युरिक आम्लाने. फ्लॅव्होनॉइडांचा त्यात वाटा नगण्य. मी चार परिच्छेद लिहिले, दोन ओळी छापल्या गेल्या. २०१२ मध्ये अमेरिकी कृषी खात्याने ओरॅकची ती यादीच मागे घेतली. आमच्या पानावर त्याची एक ओळही नव्हती.

खरी कथा कमी झगझगीत आणि जास्त रोचक आहे. फ्लॅव्होनॉइडं रक्तात फार थोडी उतरतात. आतड्यातले जीवाणू आणि यकृत त्यांचं रूप पालटून टाकतात. एवढ्या चिमूटभर मालाने मुक्त मूलकांशी समोरासमोर लढाई होत नाही. त्यांचं काम बहुधा इशारा देण्याचं असावं. एनआरएफ-२ नावाचं प्रथिन जागं होतं, पेशी स्वतःचीच संरक्षक विकरं वाढवते. दाह भडकवणारी यंत्रणा थोडी मंदावते. प्रयोगशाळेत हे नीट दिसतं, माणसांत धूसर. २०२२ च्या ‘कॉसमॉस’ चाचणीत २१ हजारांवर लोक होते. कोकोच्या अर्कातून रोज ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल देऊनही हृदयविकाराच्या एकूण घटना ठळकपणे घटल्या नाहीत. हृदयविकाराने झालेले मृत्यू मात्र २७ टक्के कमी निघाले. पण तो चाचणीचा मुख्य प्रश्न नव्हता, म्हणून संशोधकांनीच आणखी अभ्यास हवा म्हटलं. असलं वाक्य पहिल्या पानावर कोण छापणार?

करोनापासून औषधांच्या दुकानांत क्वेर्सेटिनच्या ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल मिळू लागल्या. त्याचा कच्चा माल बऱ्याचदा जपानी पॅगोडा झाडाच्या कळ्यांतून येतो. इकडे फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला ५१२ किलो कांद्याचे हमाली-तोलाई-वाहतूक वजा जाता दोन रुपये मिळाले, तेही पुढच्या तारखेच्या चेकने.

जाहिरात विभागातला तो सहकारी आता वेलनेस सल्लागार आहे. परवा त्याचा मेसेज आला, ब्लूबेरीची पावडर, जुन्या ओळखीखातर निम्म्या किमतीत. मी उत्तरादाखल त्या चेकची बातमी पाठवली. त्याने अंगठा दाखवला.