भाऊबंदकी, बर्फ आणि मेंढे

किद्दी दारू पिऊन बर्फात निपचित पडला आहे. सख्खा भाऊ गुम्मी त्याला उचलतो, पण हातांनी नव्हे, लोडरच्या खोऱ्याने. खोऱ्यात घालूनच तो त्याला हॉस्पिटलपर्यंत नेतो, दारापाशी जमिनीवर उतरवतो आणि लोडर वळवून निघून जातो. दोघांचं बोलणं ४० वर्षं बंद आहे. भाऊ मरायला टेकला म्हणून ते सुरू होत नाही.

ग्रीमुर हाकोनारसन यांच्या ‘ह्रूतार’ म्हणजे ‘मेंढे’ या चित्रपटातला हा प्रसंग. २०१५च्या कान महोत्सवात ‘अन सर्टन रिगार्ड’ विभागाचा पहिला पुरस्कार त्याला मिळाला. आइसलँडच्या विनोदाचा सगळा स्वभाव या खोऱ्यात मावतो. कुणी हसवायला निघालेलं नाही. माणसं आपापल्या परीने अगदी योग्य तेच करत आहेत, आणि हसू फुटतं ते त्यातूनच.

एकाच दरीत, हाकेच्या अंतरावर दोन भावांची दोन घरं. काही सांगायचंच झालं तर चिठ्ठी कुत्र्याच्या तोंडात देऊन पाठवायची. भांडणाचं मूळही आपल्या ओळखीचं आहे: वडिलांनी जमीन एकाच्या नावावर केली.

गुम्मीचं काम सिगुर्दुर सिगुर्योनसन यांनी केलं आहे. परदेशी प्रेक्षकाला तो एक दाढीवाला, अबोल शेतकरी दिसतो. आइसलँडमध्ये मात्र हा चेहरा घराघरात ठाऊक आहे. टीव्हीवरच्या ‘स्पॉइगस्तोवान’ या विडंबन कार्यक्रमातून त्यांनी देशाला वर्षानुवर्षं हसवलं. विनोदी नटाला गप्प बसवायचं, ही तिथल्या दिग्दर्शकांची आवडती युक्ती असावी. १९८६च्या ‘स्तेला ई ऑर्लोवी’ या धमाल प्रहसनातली स्तेला, म्हणजे एड्डा ब्योर्ग्विन्सदोत्तिर, २०१७च्या ‘अंडर द ट्री’मध्ये शेजाऱ्यांशी वैर धरणारी आई झाली. भांडण कशावरून? झाडाची सावली शेजारच्या अंगणात पडते म्हणून. ती शेजाऱ्याचा कुत्रा पळवते, त्यात भुसा भरून घेते आणि त्यांच्याच दारात आणून ठेवते. तिच्या नवऱ्याच्या भूमिकेत पुन्हा सिगुर्योनसनच.

‘मेंढे’चं खरं मर्म मात्र नटांइतकंच रोगातही आहे. गावच्या स्पर्धेत किद्दीचा मेंढा अर्ध्या गुणाने जिंकतो. गुम्मी रात्री चोरून तो मेंढा तपासतो आणि त्याला रोगाची शंका येते. ‘रिदा’, म्हणजे थरथर. मेंदू पोखरणाऱ्या या रोगावर औषध नाही. एका मेंढीत तो सापडला की अख्खा कळप मारायचा, वाडा धुऊन जाळून साफ करायचा आणि पुढची काही वर्षं नवी मेंढी आणायची नाही. ही पटकथाकाराची कल्पना नव्हे, देशाचा नियम होता. १८७८च्या सुमारास उत्तरेकडच्या स्कागाफ्योर्दुरमध्ये बाहेरून आणलेल्या एका मेंढ्याबरोबर हा रोग आला, असं तिथे मानतात.

बाहेरच्या मेंढ्यांनी केलेला त्याहून मोठा घात १९३३चा. कातडीच्या व्यापारासाठी जर्मनीतल्या हाले इथून २० काराकुल मेंढ्या आणल्या. विलगीकरणात त्या ठणठणीत दिसल्या, म्हणून वेगवेगळ्या शेतांवर वाटल्या गेल्या. पुढच्या काही वर्षांत स्थानिक मेंढ्यांना धाप लागू लागली. काही नुसत्याच झिजत गेल्या. धापेला आइसलँडिक भाषेत ‘माइदी’, झिजण्याला ‘विस्ना’. जगभरच्या पशुवैद्यकाने हीच नावं पुढे स्वीकारली. रोग अडवायला देशभर कुंपणं घातली गेली, लाखो मेंढ्या मारल्या गेल्या.

दिसायला निरोगी जनावर रोग घेऊन कसं येतं, या कोड्यामागे एक माणूस लागला: ब्योर्न सिगुर्दसन. रेक्याविकजवळच्या केल्दुर इथल्या संशोधन संस्थेचे ते पहिले प्रमुख. १९५४मध्ये लंडनच्या व्याख्यानांत त्यांनी ‘संथ संसर्गा’ची कल्पना मांडली: शरीरात शिरल्यावर महिनोन्महिने, वर्षानुवर्षं काहीही न दाखवणारा आणि मग ठरल्या वाटेने शेवटापर्यंत नेणारा रोग. १९५९मध्ये, वयाच्या अवघ्या ४६व्या वर्षी ते गेले. एड्सचा विषाणू विस्नाच्याच गटातला निघाला, तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. त्या गटाच्या ‘लेंटिव्हायरस’ या नावातला ‘लेंटी’ म्हणजे संथ. एवढ्या मोलाच्या माणसाचं नाव त्याच्या देशाबाहेर इतकं कमी घेतलं जावं, याची हळहळ वाटते.

हे कळल्यावर चित्रपट पुन्हा पाहावा. अधिकारी येण्याआधीच गुम्मी आपल्या मेंढ्या स्वतःच्या हाताने मारतो, तेव्हा हसू गळ्यात अडकतं. काही मेंढ्या आणि एक मेंढा मात्र तो तळघरात लपवतो, कारण पिढ्यानपिढ्या जपलेलं घरचं वाण तेवढंच उरलं आहे. वर पाहुणा आलेला आणि खाली तळघरात खुडबुड, हा प्रहसनातला जुनाच डाव. पण इथे कपाटात प्रियकर लपलेला नाही, एका घराण्याची मेंढरं लपली आहेत.

२०२०मध्ये याच कथेवर ऑस्ट्रेलियात चित्रपट निघाला. भूमिका सॅम नील आणि मायकेल केटन यांच्या. बर्फाच्या जागी वणवा आला आणि रिदाच्या जागी ‘ओव्हाइन जॉन्स डिसीज’. हा आतड्यांचा रोग आइसलँडला आणणाऱ्याही त्याच काराकुल मेंढ्या. चित्रपट नेटका आहे, अभिनय उत्तम आहे, पण तो प्रेक्षकाशी फार लवकर मैत्री करतो. मूळ चित्रपटातला गारठा त्यात नाही, आणि तो गारठा गेला की लोडरचा विनोदही निम्मा होतो.

पडद्याबाहेर रिदाची गोष्ट मात्र पुढे सरकली आहे. २०२२च्या सुरुवातीला पूर्व आइसलँडमधल्या थेर्नुनेस या शेतावरच्या काही मेंढ्यांत रिदाला दाद न देणारं ‘एआरआर’ जनुक सापडलं. ते बाहेरून आणलेलं नव्हतं, आइसलँडच्याच जुन्या रक्तातलं होतं. कृत्रिम रेतनाने आता ते देशभरच्या कळपांत पसरवलं जात आहे.