जुन्या गाडीला कोणता टायर? दुकानदाराआधी रिमला विचारा

आपल्या कारखान्याच्या कार्यक्षेत्रातील कोणत्याही गावी जा. सकाळी दूध डेअरीसमोर ज्या गाड्या उभ्या असतात त्यांत वीस-तीस वर्षांची एखादी बुलेट, यज्दी, राजदूत, नाही तर सुरुवातीच्या काळातली स्प्लेंडर असतेच असते. कुणाच्या वडिलांनी ऊसबिलातून घेतलेली, कुणी दोन-तीन हात फिरून आलेली. इंजिन अजून ठणठणीत असते, घरच्यांचा जीव गाडीवर असतो, सबब ती विकायचा प्रश्न येत नाही. अशा गाडीचा टायर गुळगुळीत झाला की आपण तालुक्याला जातो आणि दुकानात उभे राहून सांगतो, "दादा, बुलेटचा टायर द्या."

घोटाळ्याला सुरुवात होते ती इथूनच. लावणीसाठी बेणे आणताना "ऊस द्या" असे कोणी म्हणतो काय? को ८६०३२ आहे की दुसरी जात, बेणे किती महिन्यांचे, मळ्यातले की खोडव्याचे, हे सगळे विचारून मगच गाडी भरतो. टायरच्या बाबतीत मात्र नुसत्या नावावर भागवतो.

आता बघा, बुलेट हे नाव एकच, पण टायर एक नाही. जुनी ३५० स्टँडर्ड बुलेट घेतली तर तिला पुढे आणि मागे दोन्हीकडे ३.२५-१९ हा टायर. ५०० सी.सी.च्या जुन्या बुलेटला मागे ३.५०-१९. पुढे त्याच कंपनीच्या बऱ्याच मॉडेलांचे मागचे चाक १८ इंचांचे झाले. २०२३ साली नव्या रूपात आलेल्या बुलेट ३५० ला पुढे १००/९०-१९ आणि मागे १२०/८०-१८ असे टायर आहेत. म्हणजे वडिलांची बुलेट आणि शेजारच्या पोराची बुलेट शेजारी शेजारी उभी केली तर मागचा टायर अदलाबदल होत नाही. जावाचे तेच. म्हैसूरला तयार होणाऱ्या जुन्या २५० जावाला १६ इंची चाके होती, ३.२५-१६ मापाची. तो कारखाना १९९६ साली बंद पडला. २०१८ साली जावा नावाची नवी गाडी बाजारात आली, तिला पुढे ९०/९०-१८ आणि मागे १२०/८०-१७. दुकानातल्या पोऱ्याला जुनी जावा ठाऊक असण्याचे कारण नाही. तो नव्या जावाचाच टायर काढून समोर ठेवणार, त्याचा त्यात दोष नाही.

मग कोणी म्हणेल, सोपे आहे, आत्ता गाडीला जो टायर आहे त्यावरचा आकडा कागदावर लिहून न्यावा. हे अर्धेच खरे आहे. नवी घेतलेली आणि एकाच घरात राहिलेली गाडी असेल तर चालेल. पण दोन-तीन मालकांच्या हाताखालून गेलेल्या गाडीवर आज कोणता टायर आहे याला फारसा अर्थ राहत नाही. एखाद्याने त्या दिवशी दुकानात जो मिळाला तो बसवला, एखाद्याने रुबाबासाठी जाडजूड घातला, एखाद्याने अपघातानंतर अख्खे चाकच दुसऱ्या मॉडेलचे टाकले. आपण तोच आकडा लिहून नेला तर आधीच्याची चूक आपण पैसे मोजून पुन्हा विकत घेतो.

<b>रिम काय सांगते</b>

चाक स्वच्छ धुवावे. माती, ग्रीस निघून गेले की आऱ्यांच्या बाजूला किंवा व्हॉल्व्हच्या जवळ रिमवर ठोकलेली अक्षरे दिसतात. जुन्या बुलेटच्या रिमवर बहुधा डब्ल्यू.एम. २-१९ असे असते. त्यातला १९ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. डब्ल्यू.एम. २ ही रिमच्या रुंदीची खूण आहे, म्हणजे आतून १.८५ इंच. डब्ल्यू.एम. १ म्हणजे १.६० इंच आणि डब्ल्यू.एम. ३ म्हणजे २.१५ इंच. नंतरच्या गाड्यांवर १.८५ बाय १९ असे सरळच लिहिलेले असते.

अक्षरे गंजून गेली असतील तर टेपने मोजावे लागते, पण तिथे फसगत होते. रिमच्या बाहेरच्या काठापासून काठापर्यंत टेप लावली तर १९ ची रिम २० इंच भरते. टायर बसतो तो काठावर नव्हे, काठाच्या आत खाली जो कट्टा असतो त्यावर. काठ दोन्ही बाजूंना साधारण १४-१४ मिलिमीटर वर आलेला असतो, म्हणून बाहेरून आलेल्या मापातून एक इंचाहून थोडे जास्त वजा करावे म्हणजे खरा आकडा मिळतो. टायर उतरवलेला असताना हे मोजणे सर्वांत चांगले.

हा व्यासाचा आकडा मात्र दगडावरची रेघ समजावी. १९ च्या रिमवर १८ चा टायर चढत नाही. पंक्चरवाल्याने पट्ट्या लावून, साबण लावून जबरदस्ती केली तर टायरच्या काठातली तार तुटते किंवा ताणली जाते आणि ते वरून दिसतही नाही. उलट १८ च्या रिमवर १९ चा टायर सैल राहतो. ऊस ओढणाऱ्या टायरगाडीच्या टायरवर ८.००-१९ असा आकडा आपण पाहतोच. तिथेही शेवटचा १९ म्हणजे रिमच. फक्त पहिला आकडा बदलला की बैलगाडीचा टायर वेगळा आणि बुलेटचा वेगळा होतो, एवढे ध्यानात आले की बाकीचे समजावयास सोपे जाते.

तो पहिला आकडा म्हणजे टायरची जाडी. जुन्या पद्धतीत ती इंचांत लिहीत: २.७५, ३.००, ३.२५. उंची वेगळी लिहीत नसत, कारण ती जवळपास जाडीएवढीच असते. नव्या पद्धतीत ९०/९०-१९ असे लिहितात. पहिला ९० म्हणजे जाडी मिलिमीटरमध्ये, दुसरा ९० म्हणजे उंची जाडीच्या शेकडा नव्वद, म्हणजे ८१ मिलिमीटर, आणि रिम पुन्हा इंचांतच. गंमत अशी, की जुना इंचाचा आकडा २५.४ ने गुणून नव्याशी जुळवायला जाल तर चुकाल. ३.२५ ला गुणल्यावर साडेब्याऐंशी येतात, पण ३.२५ चा टायर हवा भरल्यावर प्रत्यक्षात ८९ मिलिमीटरच्या आसपास भरतो. म्हणून ३.२५-१९ मिळत नसेल तेव्हा ९०/९०-१९ त्याच्या जवळचा धरतात. तो किंचित बुटका पडतो, मीटर थोडा जास्त वेग दाखवतो, बाकी अडचण नाही. स्प्लेंडरच्या बाबतीत कंपनीनेच वाट दाखवली आहे. जुन्या स्प्लेंडरला २.७५-१८ होते, नंतरच्या ट्यूबलेस टायरच्या स्प्लेंडर प्लसला ८०/१००-१८ आले.

<b>माप तेच, टायर मात्र दुसरा</b>

आता मुद्द्याची गोष्ट. आपल्यापैकी कितीतरी घरांचा दुधाचा रतीब मोटारसायकलीवरून जातो, म्हणून ही जरा सावकाश वाचावी.

जुन्या स्प्लेंडरला पुढे आणि मागे एकाच मापाचा टायर, २.७५-१८. त्यामुळे पुष्कळ जण पुढचा मागे, मागचा पुढे करतात. दुकानदारही "साईज तीच आहे" म्हणून हातात येईल तो देतो. पण त्या आकड्याच्या पुढे बारीक अक्षरांत आणखी काही लिहिलेले असते. पुढच्या टायरवर ४ पी.आर. आणि ४२ पी, मागच्यावर ६ पी.आर. आणि ४८ पी. पी.आर. म्हणजे टायरची ताकद. पूर्वी कापडाचे थर मोजत, आता तो नुसता ताकदीचा दर्जा राहिला आहे. ४२ आणि ४८ हे वजनाचे सांकेतिक आकडे आहेत. ४२ म्हणजे १५० किलो, ४८ म्हणजे १८० किलो. शेवटचे अक्षर वेगाचे. पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंत. तो वेग आपल्याला करावयाचा नाही, पण वजन आपण रोज घालतो.

हिशेब मांडून पाहू. गाडीचे स्वतःचे वजन ११० किलोच्या घरात, त्यातले निम्म्याहून जास्त, ६० किलो धरा, मागच्या चाकावर. चालवणाऱ्याचे ७० किलो, त्यातले ५० मागे. आणि ४० लिटरचे दोन कॅन मागे लटकवलेले. दूधच ८२ किलो, कॅनचे आणि लोखंडी स्टँडचे मिळून आणखी दहा धरा. बेरीज दोनशेच्या वर जाते. म्हणजे कंपनीचा बरोबर मागचा टायर असला तरी त्याच्या १८० किलोच्या वर ओझे आहे. तिथे पुढचा १५० किलोचा टायर मागे टाकला तर काय होईल हे सांगावयास नको. त्यात पहाटेचा अंधार, हंगामात रस्त्यावर ट्रॉल्यांतून पडलेली कांडकी आणि पाचट, समोरून एका दिव्याचा ट्रॅक्टर. मागचा टायर अशा वेळी फुटला तर गाडी आवरत नाही. घरचा कर्ता पोरगा त्या गाडीवर असतो.

म्हणून टायर विकत घेताना माप जुळले एवढ्यावर थांबू नये. वजनाचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी नसावा, जास्त असला तर चालेल. ५० म्हणजे १९० किलो, ५२ म्हणजे २००, ५४ म्हणजे २१२. रतीब मोठा असेल तर त्याच मापात जास्त आकड्याचा टायर मिळतो का हे विचारावे, आणि तरीही एक कॅन दुसऱ्या खेपेला न्यावा हे उत्तम. टायर बळकट घेतला म्हणून गाडीचे ब्रेक आणि आरे बळकट होत नाहीत.

जाड टायरच्या हौसेबद्दलही दोन शब्द. जुन्या ३५० बुलेटला मागे ३.५०-१९ घालतात, ते ठीक आहे. ५०० ला तोच होता आणि त्याच रुंदीच्या रिमवर तो बसतो. पण चार इंची टायर डब्ल्यू.एम. २ च्या अरुंद रिमवर चढवला की तो दोन्हीकडून चिमटला जातो, मध्येच उंच होतो, वळणावर गाडी डुलते. चेन कव्हरला, मडगार्डला, मागच्या चिमट्याला घासतो तो भाग वेगळाच. चाक मोठे झाल्याने मेन स्टँडवर गाडी घेतली तरी मागचे चाक जमिनीला टेकते, मग पंक्चर काढताना खाली वीट शोधत बसा. एवढा खर्च करून गाडी जुनीपेक्षा वाईट चालते, मग कसला रुबाब?

जुन्या मापाचे टायर कमी खपतात, म्हणून दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला माल मिळण्याचा संभव असतो. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा शिक्का पाहावा. २३२४ असेल तर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. शिक्का सापडला नाही किंवा काठाला बारीक भेगा दिसल्या तर स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नये. आय.एस.आय.ची खूणही पाहून घ्यावी. आणि जुना टायर कधी टाकावा, हा प्रश्न असेल तर नियमाने दुचाकीच्या टायरची नक्षी ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी खोल असता कामा नये. पंधरा वर्षांनंतर नोंदणी वाढवताना गाडी तपासणीला न्यावी लागते, तिथे टायर पाहतात. पण ०.८ पर्यंत थांबणे म्हणजे खळ्यात पाऊस आल्यावर ताडपत्री शोधणे होय. चिखलाच्या वाटेवर त्याआधीच चाक सरकू लागते.

आऱ्यांच्या रिमवर ट्यूबलेस टायर बसतो, मात्र आत ट्यूब घालावीच लागते. आऱ्यांच्या भोकांतून हवा धरत नाही. नव्या टायरला जुनी ट्यूब घालून शंभर-दोनशे रुपये वाचवू नयेत. जुनी ट्यूब ताणून मोठी झालेली असते, आत तिची घडी पडते आणि घडीवरच ती फाटते. ट्यूबवरही मापाचा आकडा असतो, तो टायरशी जुळवावा. आऱ्यांच्या टोकांवरची रबरी पट्टी कुजली असेल तर तीही त्याच वेळी बदलावी.

बसवताना टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेला हवा. हवा भरल्यावर रिमच्या कडेने टायरवर एक बारीक रेघ दिसते. ती सगळीकडे सारखी वर आली आहे की नाही, हे चाक फिरवून पाहावे. एखाद्या ठिकाणी रेघ बुडाली असेल तर हवा सोडून पुन्हा बसवून घ्यावे, पंक्चरवाला "चालतंय" म्हणाला तरी ऐकू नये. हवेचे प्रमाण गाडीच्या पुस्तकात असते. ३५० बुलेटला एकट्यासाठी पुढे २० पौंड आणि मागे ३० पौंड, मागे माणूस बसणार असेल तर दोन-दोन पौंड जास्त. हवा थंड टायरमध्ये मोजावी, पंधरा किलोमीटर येऊन नव्हे. नव्या टायरच्या रबरावर सुरुवातीला गुळगुळीत थर असतो, तेव्हा पहिले शे-दीडशे किलोमीटर वळणावर गाडी झोपवू नये, आणि पहिल्या दिवशी कॅनही भरू नयेत.