एक आरोप, दोन घरे

रहस्यकथा म्हटली की खून, बोटांचे ठसे आणि चतुर गुप्तहेर आपल्या डोळ्यांसमोर उभे राहतात. बाबूराव अर्नाळकरांच्या कथांनी मराठी वाचकांना अशा लेखनाची गोडी लावली. परंतु एकही खून न घडता वाचकाला शेवटपर्यंत खिळवून ठेवणारी रहस्यकादंबरीही असू शकते. इंग्रजी लेखिका जोसेफिन टे यांची १९४८ साली प्रसिद्ध झालेली ‘द फ्रँचाइज अफेअर’ ही अशी कादंबरी आहे. ‘जोसेफिन टे’ हे टोपणनाव असून लेखिकेचे मूळ नाव एलिझाबेथ मॅकिंटॉश (१८९६–१९५२) असे होते. त्यांचा जन्म स्कॉटलंडमधील इन्व्हर्नेस येथे झाला.

कादंबरीचे कथानक इंग्लंडमधील मिलफर्ड या लहानशा गावाच्या परिसरात घडते. गावाबाहेर उंच भिंतीआड ‘फ्रँचाइज’ नावाचे एक जुने घर आहे. मॅरियन शार्प आणि तिची वृद्ध आई या दोघीच तेथे राहतात. एके दिवशी पोलीस बेटी केन नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीला घेऊन त्यांच्या दारात उभे राहतात. या मायलेकींनी आपल्याला मोटारीतून पळवून आणले, घरकाम करावे म्हणून महिनाभर माळ्यावर कोंडून ठेवले आणि मारहाण केली, असे ती मुलगी सांगते. घराचे अंतरंग, माळ्यावरील गोल खिडकी, आवारातील रस्ता या सर्वांचे वर्णन ती अचूक करते. तिच्या अंगावर माराचे वळही आहेत. मायलेकी मात्र म्हणतात, “या मुलीला आम्ही आजवर पाहिलेलेही नाही.”

दोन्ही बाजू ठाम आहेत आणि दोन्ही बाजूंची माणसे प्रामाणिक दिसतात. मग विश्वास कोणावर ठेवावा? गावातील वकील रॉबर्ट ब्लेअर या प्रश्नाचा शोध घेऊ लागतो. त्याचे रोजचे काम मृत्युपत्रे आणि मालमत्तेचे कागद करण्याचे. फौजदारी खटल्यांचा त्याला अनुभव नाही. त्यामुळे त्याच्या प्रत्येक पावलाबरोबर वाचकही चाचपडत पुढे जातो.

केवळ मुलीच्या शब्दावर खटला उभा राहणार नाही, हे जाणून पोलीस सुरुवातीला थांबतात. परंतु एक खपाऊ वृत्तपत्र ही हकीकत पहिल्या पानावर छापते, आणि न्यायालयात पोहोचण्यापूर्वीच खटल्याचा निकाल रस्त्यावर लागतो. घरासमोर बघ्यांची गर्दी जमते. भिंतीवर शिव्या रंगवल्या जातात, खिडक्यांच्या काचा फोडल्या जातात आणि अखेरीस घरही जाळले जाते. यात भाग घेणाऱ्यांपैकी कोणीही पुरावा पाहिलेला नसतो. मायलेकी एकलकोंड्या आहेत, गावात फारशा मिसळत नाहीत, एवढे कारण संशयाला पुरेसे ठरते.

पुढे उलगडत जाणारे सत्य असे आहे. बेटी त्या काळात एका विवाहित पुरुषाबरोबर परदेशी गेली होती. त्याच्या पत्नीने दोघांना गाठले आणि बेटीला मारले. म्हणजे अंगावरचे वळ खरे होते. फक्त मारणारा हात तिने सांगितलेल्यांचा नव्हता. फ्रँचाइजचे आवार तिने दुमजली बसच्या वरच्या मजल्यावरून, भिंतीपलीकडे डोकावून पाहिले होते. मात्र बसमधून जे दिसते, ते सर्वच माळ्याच्या खिडकीतून दिसत नाही. खिडकीतून न दिसणाऱ्या गोष्टीचे वर्णन तिने केले, आणि तेथेच तिचे कथन उघडे पडले. खोटे पकडले जाते ते आरडाओरड्याने नव्हे, तर शांतपणे केलेल्या पडताळणीने, हे लेखिका येथे दाखवते.

निकाल लागल्यावर सारे पूर्ववत होते काय? शार्प मायलेकी निर्दोष ठरतात, पण त्यांचे घर राखेत मिळालेले असते आणि त्या इंग्लंड सोडून कॅनडाला निघतात. बेटीला सांभाळणाऱ्या विनबाईंचे दुःख तर याहून वेगळे आहे. युद्धात आईवडील गमावलेल्या या मुलीला त्यांनी पोटच्या मुलीप्रमाणे वाढवले. तिच्यावरील अन्यायाला दाद मिळावी म्हणून त्यांचा मुलगा धडपडला. भर न्यायालयात त्या माउलीला कळते, की आपण जिला ओळखत होतो ती मुलगी अशी नव्हतीच. आरोप करणाऱ्याचे घर आणि आरोप झालेल्याचे घर, दोन्ही असे उद्ध्वस्त होतात.

या कादंबरीचे बीज एका सत्य घटनेत आहे. १ जानेवारी १७५३ रोजी लंडनमधील एलिझाबेथ कॅनिंग ही अठरा वर्षांची मोलकरीण नाहीशी झाली आणि सुमारे चार आठवड्यांनी अत्यंत कृश अवस्थेत परतली. आपल्याला एका घराच्या माळ्यावर कोंडले होते, असे तिने सांगितले. तिच्या साक्षीवरून मेरी स्क्वायर्स या भटक्या जमातीतील वृद्धेला फाशीची शिक्षा झाली. न्यायालयाबाहेरील जमावाने बचावाच्या साक्षीदारांना आतही जाऊ दिले नव्हते. लंडनचे महापौर सर क्रिस्प गॅस्कॉइन यांनी पुन्हा चौकशी केली, तेव्हा त्या काळात स्क्वायर्स दूर डॉर्सेटमध्ये होती असे सांगणारे साक्षीदार मिळाले आणि तिला माफी मिळाली. १७५४ मध्ये कॅनिंगच खोट्या साक्षीबद्दल दोषी ठरली व तिला अमेरिकेस पाठवण्यात आले. मात्र त्या चार आठवड्यांत ती कोठे होती, हे कोडे कधीच सुटले नाही. कादंबरी वाचकाला निश्चित उत्तर देते. इतिहासाने ते दिले नाही.

या कादंबरीकडे डोळसपणे पाहिले तर तिची एक उणीवही ध्यानात येते. डोळ्यांच्या रंगावरून माणसाचा स्वभाव ठरवणारी विधाने तीत आहेत, आणि बेटीचा खोटेपणा तिच्या जन्मदात्या आईच्या स्वभावाशी जोडला आहे. गावकऱ्यांनी शार्प मायलेकींना बाह्य रूपावरून दोषी मानले, हे लेखिकेला खटकते. पण बेटीला जोखताना ती स्वतः हेच माप वापरते. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. या कथेतील तक्रार खोटी निघाली, म्हणून प्रत्येक तक्रार खोटी मानावी असा अर्थ त्यातून काढता येत नाही. बेटीच्या अंगावरचे वळ पाहून तिचे म्हणणे ऐकून घेणे योग्यच होते. चूक झाली ती ऐकण्यात नव्हे, तर ऐकल्यानंतर तपासाची वाट न पाहण्यात.

एखाद्या आरोपाची बातमी आपल्यापर्यंत येते, तेव्हा हीच कसोटी उपयोगी पडते. हे कोणी पाहिले? कोठून पाहिले? दुसऱ्या बाजूचे म्हणणे काय आहे? या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत निर्णय राखून ठेवणे, यात तक्रारदाराचा अपमान नसतो आणि आरोपीची पाठराखणही नसते. दोन्ही घरांतील माणसांना त्यामुळे न्याय मिळण्याची शक्यता तेवढी शिल्लक राहते.