यीशिंग चहादाणी

यीशिंग चहादाणी ही चीनच्या च्यांग्सू प्रांतातील यीशिंग शहराच्या परिसरात मिळणाऱ्या झिशा नावाच्या मातीची, झिलई न देता भाजलेली चहाची लहान किटली होय. ‘झिशा’ या चिनी शब्दाचा अर्थ ‘जांभळी वाळू’ असा आहे. मिंग राजवटीच्या काळात, सोळाव्या शतकाच्या सुमारास, ही चहादाणी प्रचारात आली. तेव्हापासून चिनी चहापानात तिला मानाचे स्थान आहे. लौकिकाबरोबर तिच्या नकलाही वाढत गेल्या. त्यामुळे अस्सल चहादाणी कशी ओळखावी, हा प्रश्न संग्रहालये, संग्राहक आणि सामान्य ग्राहक या सर्वांपुढे दीर्घकाळ उभा आहे. या प्रश्नात माती, घडण आणि कारागीर या तीन वेगवेगळ्या बाबी येतात. त्यांपैकी एकीची खात्री पटली, तरी उरलेल्या दोन आपोआप सिद्ध होत नाहीत.

माती

यीशिंग शहर ताई सरोवराच्या पश्चिमेस वसले आहे. शहराच्या दक्षिणेकडील तिंगशू हे गाव आणि त्यालगतची ह्वांगलोंग टेकडी ही झिशाची प्रमुख ठिकाणे होत. झिशा ही नदीकाठच्या गाळासारखी मऊ माती नसून ती खडकांच्या थरांतून दगडासारख्या ढेकळांच्या रूपात निघते. ही ढेकळे उघड्यावर ऊन, पाऊस व वारा खात ठेवली जातात. ती फुटून भुगा झाल्यावर तो दळून चाळतात, पाण्यात कालवतात आणि तयार झालेला गोळा पुष्कळ काळ मुरवत ठेवतात.

या मातीत केओलिन, अभ्रक, क्वार्ट्झ आणि लोहाची ऑक्साइडे असतात. भांड्याला रंग येतो तो मुख्यतः लोहामुळे. साधारणपणे ११०० ते १२०० अंश सेल्सिअस तापमानाला भाजल्यावर भांडे कठीण होते, परंतु त्यातील सूक्ष्म छिद्रे पूर्णपणे बुजत नाहीत. त्यामुळे भांडे पाझरत नाही आणि तरीही चहाचा गंध थोडाफार धरून ठेवते. या मातीचे प्रमुख प्रकार पुढीलप्रमाणे आहेत :

* झिनी – भाजल्यावर तपकिरी ते जांभळट रंग येतो. सर्वांत प्रचलित प्रकार.
* होंगनी व चूनी – लाल ते नारिंगी रंगाच्या माती. चूनी वाळताना व भाजताना फार आकसते. त्यामुळे तिची भांडी बहुधा लहान असतात आणि भट्टीत अधिक प्रमाणात वाया जातात.
* त्वाननी – भाजल्यावर पिवळट किंवा बदामी रंग येतो.
* ल्यूनी – नावाचा अर्थ ‘हिरवी माती’. मात्र हिरवटपणा कच्च्या मातीत असतो. भाजल्यावर ती फिकट पिवळी होते.

इसवी सन २००५च्या सुमारास ह्वांगलोंग टेकडीवरील उत्खननावर निर्बंध घालण्यात आले. त्यानंतर साठवलेल्या जुन्या मातीचा भाव वाढला आणि इतर ठिकाणची माती ‘ह्वांगलोंगची’ म्हणून विकण्याचा मोहही वाढला.

इतिहास

परंपरेनुसार यीशिंगजवळच्या चिन्शा मंदिरातील एका भिक्षूने झिशाची चहादाणी प्रथम घडवली. वू ईशान या विद्वानाचा सेवक कोंग छुन याने ती कला पाहून आत्मसात केली, असे सांगितले जाते. ही हकीकत चौ काओची याने मिंग काळाच्या अखेरीस लिहिलेल्या ग्रंथात येते. यीशिंगच्या चहादाण्यांवरील हा सर्वांत जुन्या ग्रंथांपैकी एक होय. तथापि, काळ निश्चित सांगता येण्याजोगा आरंभीचा पुरावा थडग्यांतून मिळतो. नानजिंग येथील वू चिंग या राजदरबारी अधिकाऱ्याच्या १५३३ सालच्या थडग्यात वर आडवी मूठ असलेली चहादाणी सापडली आहे.

मिंग काळाच्या उत्तरार्धात श ताबिन हा सर्वांत नावाजलेला कारागीर होता. त्या काळी चहाच्या वड्या कुटून चूर्ण घुसळण्याची जुनी रीत मागे पडून सुटी पाने पाण्यात मुरवण्याची रीत रूढ झाली होती. त्यामुळे लहान चहादाणीला महत्त्व आले. छिंग काळात छन मिंगयुआन याने फळे, बांबू व झाडांच्या बुंध्यांचे आकार मातीत उतरवले. पुढे छन मानशंग (१७६८–१८२२) या विद्वान अधिकाऱ्याने यांग फंगन्यान या कारागिराच्या सहकार्याने चहादाण्या घडवून घेतल्या व त्यांवर सुलेखन कोरले. तेव्हापासून झिशाचे भांडे हे कारागिरी व साहित्य यांचे एकत्रित लेणे मानले जाऊ लागले.

सतराव्या शतकात चहाबरोबर या चहादाण्या युरोपात पोहोचल्या. हॉलंडमधील डेल्फ्ट येथे आरी द मिल्डे, इंग्लंडच्या स्टॅफर्डशरमध्ये एलर्स बंधू आणि अठराव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत बॉटगर यांनी तांबड्या मातीची तशीच भांडी बनवली. विसाव्या शतकात कू चिंगचौ (१९१५–१९९६) आणि च्यांग रोंग (१९१९–२००८) हे कारागीर विशेष प्रसिद्धीस आले. झिशाची भांडी घडवण्याच्या कलेचा समावेश चीनने २००६ मध्ये आपल्या राष्ट्रीय अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या पहिल्या यादीत केला.

घडणीच्या पद्धती

यीशिंगची पारंपरिक चहादाणी कुंभाराच्या चाकावर घडवली जात नाही. मातीच्या गोळ्याला लाकडी थापीने बडवून सपाट पट्टी करतात. ही पट्टी गोलाकार वळवून तिची टोके जोडतात आणि फिरत्या पाटावर ठेवून बाहेरून थापीने ठोकत तिला फुगीर आकार देतात. चौकोनी भांड्यांसाठी पट्ट्यांचे तुकडे कापून एकमेकांना जोडले जातात. तोटी, कान व झाकण वेगळे करून नंतर बसवतात.

याखेरीज तीन पद्धती प्रचारात आहेत. अर्धहस्तघडणीत पट्टी साच्यात दाबून आकार देतात व पुढील काम हाताने करतात. ओतीव पद्धतीत पातळ केलेली माती साच्यात ओततात. चाकावरची पद्धत मुख्यतः क्वांगतोंग प्रांतातील छाओचौ येथील आहे. छाओचौच्या तांबड्या चहादाण्यांना स्वतःची प्रतिष्ठित परंपरा आहे. त्या यीशिंगच्या नावाने विकल्या गेल्या तरच ती फसवणूक ठरते. अर्धहस्तघडणीचे भांडेही अस्सल झिशाचे असू शकते. मात्र ते पूर्ण हस्तघडणीच्या किमतीला विकणे अप्रामाणिकपणाचे होय.

नकलांची परंपरा

चिनी कलेत पूर्वसूरींच्या कृतीची प्रतिकृती करणे हा शिक्षणाचा व आदराचा भाग मानला जातो. त्यामुळे ‘नक्कल’ आणि ‘फसवणूक’ यांतील सीमारेषा नेहमीच स्पष्ट नसते. ह्वेई मंगछन हा मिंग–छिंग काळातील कारागीर लहान चहादाण्यांसाठी प्रसिद्ध होता. त्याचे नाव पुढे कित्येक पिढ्या भांड्यांच्या तळाशी कोरले जात राहिले आणि अखेरीस ते एका प्रकाराचेच नाव बनले. ‘मंगछन’ असे कोरलेल्या बहुसंख्य चहादाण्या त्याने घडवलेल्या नाहीत.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शांघायच्या पुराणवस्तू व्यापाऱ्यांनी यीशिंगचे निष्णात कारागीर पदरी ठेवून जुन्या चहादाण्यांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. तरुण कू चिंगचौ व च्यांग रोंग हे त्यांपैकीच होते. या प्रतिकृती इतक्या सरस होत्या, की त्यांतील काही पुढे जुन्या वस्तू म्हणून संग्रहांत दाखल झाल्या.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे झाडाच्या गाठीच्या आकाराची, कोंग छुनच्या नावाने ओळखली जाणारी चहादाणी. छू नानछ्यांग या संग्राहकाला ती १९२० च्या दशकात सुचौ येथे मिळाली आणि पुढे ती राष्ट्रीय संग्रहालयात गेली. ती कोंग छुनची नसून एकोणिसाव्या शतकातील ह्वांग युलिन या कारागिराची असावी, असे मत खुद्द कू चिंगचौ यांनी मांडले. या कलेच्या आद्य कारागिराशी जोडलेली वस्तूही अशा रीतीने वादातीत राहिलेली नाही.

आधुनिक काळात प्रश्नाचे स्वरूप बदलले. २०१० मध्ये चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीने सामान्य मातीत लोह, मँगनीज व कोबाल्ट यांची ऑक्साइडे मिसळून तिला झिशाचा रंग दिला जात असल्याचे उघड केले. त्यामुळे अस्सलपणाचा प्रश्न पैशापुरता न राहता आरोग्याशीही जोडला गेला.

अस्सलपणाची पारख

मातीच्या बाबतीत रंग व पोत यांकडे प्रथम लक्ष दिले जाते. नैसर्गिक झिशाचा रंग सौम्य असतो आणि जवळून पाहिल्यास त्यात वेगवेगळ्या छटांचे बारीक कण दिसतात. भडक हिरवा, गर्द निळा किंवा सर्वत्र एकसारखा गडद रंग असल्यास रंगद्रव्ये मिसळल्याचा संशय घेतला जातो. निसर्गतः फिकट असणाऱ्या मातीत रंगद्रव्ये घालून बनवलेल्या मातीही परंपरेत आहेत. म्हणून केवळ रंगावरून निर्णय होत नाही, मात्र विक्रेत्याने ती माती नैसर्गिक असल्याचे सांगितल्यास तो दावा तपासावा लागतो. नव्या भांड्यात उकळते पाणी ओतल्यावर रसायनाचा किंवा तेलाचा वास येणे, पाण्याला रंग उतरणे आणि पृष्ठभाग काचेसारखा चकाकणे ही प्रतिकूल लक्षणे होत.

घडणीच्या खुणा बहुधा भांड्याच्या आत सापडतात. पट्टीची टोके जिथे जुळवली, तो सांधा सामान्यतः कानाच्या बाजूला आत पुसटसा दिसतो. आतून वर चढत जाणारी वलये चाकावरील घडण सुचवतात. तोटी किंवा कानाच्या मधोमध जाणारी सरळ उंच रेघ ओतीव भांड्याची खूण असू शकते. काळ ठरवताना तोटीच्या मुळाशी असलेले छिद्र उपयोगी पडते. जुन्या भांड्यांत तेथे बहुधा एकच भोक असते, तर चेंडूसारखी फुगीर, अनेक भोकांची गाळणी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. अशी गाळणी असलेले भांडे छिंग काळातील असल्याचे सांगितले जात असेल, तर ते शंकास्पद ठरते.

कारागिराची ओळख तळाशी, झाकणाच्या आत व कानाखाली उमटवलेल्या शिक्क्यांवरून केली जाते. परंतु शिक्का हा पुराव्याचा सर्वांत दुबळा भाग होय, कारण त्याची नक्कल भांड्यापेक्षा सोपी असते. चीनमध्ये कारागिरांना शासनमान्य पदव्या दिल्या जातात आणि भांड्याबरोबर प्रमाणपत्र व छायाचित्रही मिळते. पदवी खरी असली, तरी ते विशिष्ट भांडे त्याच हाताने घडले असे त्यातून सिद्ध होत नाही. दुसऱ्याकडून घडवून घेऊन नामवंताचा शिक्का उमटवण्याचे प्रकार या व्यवसायात परिचित आहेत. म्हणून जाणकार शिक्क्याआधी रेषा, प्रमाण आणि सांध्यांची सफाई पाहतात व त्या कारागिराच्या निर्विवाद कृतींशी तुलना करतात.

प्रचलित समजुती

काही चाचण्या अस्सलपणाच्या म्हणून सांगितल्या जातात, पण त्यांचे उत्तर वेगळ्याच प्रश्नाला असते.

* झाकणावरील भोक बोटाने दाबल्यास धार थांबणे – यातून झाकण नीट बसते एवढे कळते. साच्यातील भांडेही ही चाचणी पार करते.
* तोटी, तोंड व कान एका पातळीत असणे – हे काही आकारांनाच लागू आहे. अनेक अभिजात आकारांत तोटी वेगळ्या पातळीवर असते.
* झाकण वाजवल्यावर येणारा नाद – तो मातीचा प्रकार, भिंतीची जाडी व भाजणी यांवर अवलंबून असतो. चूनीचा नाद उंच, तर झिनीचा खोल असतो.
* भांडे पाण्यावर समतोल तरंगणे – यातून फक्त वजनाची विभागणी समजते.
* जुनाट चकाकी – वर्षानुवर्षांच्या वापराने भांड्याला खरी झळाळी येते, परंतु मेण, पॉलिश किंवा चहात उकळून ती कृत्रिमरीत्याही आणता येते.

निवड व निगा

नित्य वापरासाठी घेताना नाव व वय यांपेक्षा मातीची शुद्धता आणि भांड्याची सोय यांना प्राधान्य देणे हितावह मानले जाते. धार अखंड पडणे, भांडे पूर्ण रिकामे होणे, झाकण न डगमगणे आणि कान हाताला न भाजणे हे चांगल्या चहादाणीचे गुण होत. पूर्ण हस्तघडणीला कित्येक दिवस लागू शकतात. म्हणून नामवंताची, पूर्ण हाताने घडवलेली म्हणून सांगितलेली वस्तू अत्यल्प किमतीत मिळत असेल, तर ती किंमतच इशारा समजावी. याउलट, नवशिक्या कारागिराचे अर्धहस्तघडणीचे, शुद्ध मातीचे आणि तसे स्पष्ट सांगून विकलेले भांडे पूर्णतः अस्सल असते.

मातीची छिद्रे गंध धरून ठेवत असल्याने एका चहादाणीत एकाच जातीचा चहा करण्याची प्रथा आहे. ती साबणाने न धुता गरम पाण्याने विसळून, झाकण काढून वाळवतात. दूध व साखर घालून उकळण्याच्या भारतीय चहासाठी हे भांडे योग्य नाही, कारण दुधाचा स्निग्धांश छिद्रांत साठून वास धरतो. ऊलोंग, फुअर किंवा काळा चहा केवळ पाण्यात मुरवण्यासाठी ते विशेष उपयुक्त ठरते.